नेपोलियनच्या कारकुनाला सांगितलेलं खोटं नाव? एका दुर्मिळ डच आडनावाचं प्रकरण

नेदरलँड्सच्या पूर्वेला, जर्मनीच्या सीमेला लागून आख्टरहुक नावाचा शेतीचा मुलूख आहे. हे प्रकरण तिथून आलेल्या एका कुटुंबाचं. त्यांचे जुने कागद वाचायला मी मदत केली आणि त्यांच्या संमतीनं हे लिहिते आहे. आडनाव मात्र सांगणार नाही. ज्या आडनावाची देशभरातली सगळी माणसं एका लग्नाच्या पंगतीत मावतील, ते छापणं म्हणजे घरचा पत्ताच छापणं. एवढं पुरे की रोमन लिपीत ते आज ‘एस’नं सुरू होतं आणि ‘इंक’नं संपतं. गाव आणि व्यक्तींची नावंही गाळली आहेत.

पार्श्वभूमी

आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे. त्यांना दोन मुली, मुलगा नाही. थोरलीची दोन मुलं 2017 आणि 2020 मध्ये जन्मली. दोघंही वडिलांचं आडनाव लावतात. धाकटीलाही मुलं आहेत आणि तीही वडिलांचंच लावतात. 1998 पासून डच आईवडिलांना मुलासाठी दोघांपैकी कुणाचंही आडनाव निवडता येतं. पण नवराबायकोनं काही कळवलं नाही तर वडिलांचं आपोआप लागतं, आणि बहुतेक घरांत तसंच होतं. आजोबांचं आडनाव त्यांच्या शाखेत त्यांच्यापाशीच थांबणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवत नसे.

1 जानेवारी 2024 ला कायदा बदलला. आईचं आणि वडिलांचं, अशी दोन्ही आडनावं मुलाला देता येऊ लागली. मध्ये जोडरेघ नाही, दोनांपेक्षा जास्त नावं नाहीत, आणि एका जोडप्याच्या सगळ्या मुलांना एकच आडनाव. आधी जन्मलेल्या मुलांसाठी एका वर्षाची सवलत होती: जोडप्याचं पहिलं मूल 1 जानेवारी 2016 ला किंवा त्यानंतर जन्मलेलं असेल, तर 31 डिसेंबर 2024 पर्यंत दोघांनी मिळून नगरपालिकेच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर दुसरं आडनाव जोडून घ्यायचं. थोरली या सवलतीत बसत होती.

आता घरातली दंतकथा. 1810 मध्ये नेपोलियननं नेदरलँड्स फ्रेंच साम्राज्याला जोडलं. 18 ऑगस्ट 1811 च्या हुकुमानं, ज्यांना कायमचं आडनाव नव्हतं त्यांना ते घेऊन नोंदवणं सक्तीचं झालं. आजोबांच्या सांगण्यानुसार त्यांचा पूर्वज चिखलानं माखलेले लाकडी बूट घालून थेट शेतावरून कचेरीत गेला आणि फ्रेंचांची खोड मोडायला तोंडाला येईल ते नाव सांगून आला. फ्रेंच चार दिवसांत जातील, नावही जाईल, असा त्याचा हिशेब. फ्रेंच गेले, नाव राहिलं. आजोबांनी ही गोष्ट आपल्या वडिलांकडून ऐकली होती आणि दर वाढदिवसाला ती सांगितली जाई.

अशा कथा नेदरलँड्समध्ये घरोघरी आहेत. ‘नाक्टखेबोरेन’ म्हणजे ‘उघडा जन्मलेला’ हे आडनाव नेपोलियनची थट्टा म्हणून घेतलं, असं आजही ठासून सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते 1811 च्या कितीतरी आधीच्या नोंदींत सापडतं, आणि त्याच्या मुळाशी बहुधा वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीचा जर्मन शब्द आहे. 1811 मध्ये बहुसंख्य डच कुटुंबांना आडनाव आधीपासूनच होतं. नव्यानं घ्यावं लागलं ते मुख्यतः उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या काही भागांत.

अडचण

थोरलीला दोन प्रश्न पडले होते आणि ते एकमेकांत गुंतले होते. गोष्ट खरी आहे का? आणि हे आडनाव मुलांच्या नावामागे लावायचं का? तिचं म्हणणं सरळ होतं: नाव थट्टेत घेतलेलं असेल तर ते मुलांच्या गळ्यात मारायचं नाही, आणि घराण्याचं असेल तर ते आपल्या हातून सुटू द्यायचं नाही. तिच्या नवऱ्याचं आडनाव ‘फान देन’ असं सुरू होणारं, आधीच लांब. त्याचा विरोध नव्हता, पण मुलांना आयुष्यभर प्रत्येक अर्जात तीन-चार शब्द लिहावे लागतील याची त्याला काळजी होती. धाकटीच्या मते मूळ शोधण्याची गरजच नव्हती. बाबांना बरं वाटेल, एवढं कारण तिला पुरेसं होतं.

पहिला कागद त्यांनी पाहिला तो आडनावांच्या राष्ट्रीय संग्रहातला. ॲम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटनं उभारलेला हा संग्रह आता द हेगचं कौटुंबिक इतिहास केंद्र सांभाळतं. त्यात तीन लाखांहून अधिक आडनावं आहेत. प्रत्येकापुढे 1947 च्या जनगणनेतला आणि 2007 च्या लोकसंख्या नोंदणीतला आकडा असतो, आणि अभ्यास झाला असेल तर व्युत्पत्तीही. ‘दे योंग’ हे देशातलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, 2007 मध्ये सुमारे 84 हजार लोकांचं. आमच्या कुटुंबाच्या आडनावापुढे अगदी तुरळक माणसं होती आणि व्युत्पत्तीचा रकाना रिकामा होता.

तो रिकामा रकाना पाहून घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला: कुठून आलं ते तज्ज्ञांनाही सांगता येत नाही, म्हणजे बनवलेलंच असणार. इथे थांबून विचार करायला हवा होता. संग्रहातल्या असंख्य दुर्मिळ नावांपुढचा रकाना रिकामा आहे, कारण दोन-चार घरांच्या नावावर कुणी अभ्यास केलेला नाही. त्यातून नावाच्या उगमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट शेवटचं ‘इंक’ हा ठळक धागा समोर होता. आख्टरहुक, शेजारचा ट्वेंटे आणि सीमेपलीकडचा वेस्टफालिया या पट्ट्यात ‘इंक’नं संपणारी नावं ही मळ्यांची नावं असतात: अमक्याच्या माणसांचा मळा. फुटबॉल प्रशिक्षक गुस हिडिंक याच भागातल्या फार्सेफेल्टचे. त्यांचं आडनावही याच घडणीचं. फ्रेंचांची थट्टा करणाऱ्या माणसानं इतकं अस्सल गावरान नाव कशाला शोधलं असतं?

समोर असलेले पर्याय

शोध सोडून थेट निर्णय घ्यावा, हा धाकटीचा पर्याय. तो चुकीचा नव्हता, पण थोरलीला त्यानं समाधान मिळालं नसतं.

एका चुलतभावानं इंटरनेटवरून ‘घराण्याचा इतिहास आणि मानचिन्ह’ विकत घ्यायचं सुचवलं. तो पर्याय लगेच बाजूला ठेवला. मानचिन्ह एखाद्या कुळाचं असतं. एकाच आडनावाच्या सगळ्यांचं मिळून एक मानचिन्ह, असा प्रकार नसतो. सुंदर चौकटीत छापलेला कागद मिळाला असता आणि गोंधळ वाढला असता.

तिसरा पर्याय आजोबांच्या डीएनए चाचणीचा. बाप ते मुलगा जाणारा वाय गुणसूत्राचा धागा कुठल्या घराण्याशी जुळतो, ते त्यातून कळलं असतं. जावयाचा कल याकडे होता, कारण किट मागवायचं, नमुना पाठवायचा आणि वाट पाहायची, एवढंच काम. मी त्याला विरोध केला. ज्या मुलुखात पूर्वी माणसाला राहत्या मळ्याचं नाव लागे, तिथे रक्ताचा धागा आणि नावाचा धागा वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. आधी कागद न पाहता चाचणी केली, आणि रक्त भलत्याच आडनावाशी जुळलं, तर घरातल्या कुठल्यातरी पणजीवर संशय घेतला गेला असता. विनाकारण.

चौथा पर्याय दप्तरांचा. वेळखाऊ, पण इथे एक मोठी सोय आहे. नेदरलँड्समधले जन्माचे दाखले 100, लग्नाचे 75 आणि मृत्यूचे 50 वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात आणि बहुतेक घरबसल्या पाहता येतात. वर्षअखेरीची मुदत ध्यानात ठेवून हाच मार्ग ठरला.

शोध

आजोबांपासून मागे जाणं सोपं होतं. जन्म, लग्न, मृत्यू, पुन्हा जन्म, सगळीकडे ‘एस’. साखळी 1841 च्या एका लग्नापर्यंत सरळ गेली आणि तिथे तुटली. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं वय 27, जन्मगाव शेजारच्या नगरपालिकेतलं, वडिलांचं आडनावही ‘एस’चंच. पण त्या गावात 1814 च्या सुमारास त्या आडनावाचं मूल जन्मलेलं नाही. बाप सापडत नाही, काका सापडत नाही. 1841 च्या आधी हे आडनाव कुठेच नाही.

आजोबांना यात आपल्या गोष्टीला पुरावा दिसला: माणूस हवेतून आला, म्हणजे नाव बनवलं. पण तारखा जुळत नव्हत्या. नाव 1811 मध्ये सांगितलं असतं तर ते 1812 च्या, 1820 च्या कागदांत दिसलं असतं. 1841 मध्ये नेपोलियनला मरून 20 वर्षं झाली होती. मळ्यावर काम करणाऱ्या मुलाला त्या वर्षी कुणाची खोड मोडायची होती?

इथे निर्णयाचा खरा टप्पा आला. संगणकावर आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगं घालून शोधत राहायचं, डीएनएकडे वळायचं, की लग्नाच्या नोंदीसोबतची जोडपत्रं उघडायची? मी जोडपत्रांचा आग्रह धरला. त्या काळी लग्नासाठी वधूवरांना कागदांचा गठ्ठाच द्यावा लागे: दोघांच्या जन्मनोंदीचे उतारे, आईवडील हयात नसतील तर त्यांच्या मृत्यूचे उतारे, आणि नवऱ्यानं लष्करभरतीची सोडत पार केल्याचा दाखला. नोंदवहीत कारकून जे लिहितो ते या गठ्ठ्यावरून. गेल्डरलंड प्रांताची ही दप्तरं आर्नहेममध्ये आहेत आणि स्कॅन करून ठेवलेली आहेत. मात्र अनेकदा त्यांची नावनिहाय सूची नसते. वर्ष आणि नोंदीचा क्रमांक घेऊन पानंच्या पानं उलटावी लागतात.

गठ्ठा सापडला. जन्माचा उतारा 1814 चा, लष्करी दाखला 1830 च्या दशकातला, वडिलांच्या मृत्यूचा उतारा त्यानंतरचा. तिन्ही कागद वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, आणि तिन्हींवर आडनाव ‘एल’नं सुरू होणारं. पुढची सगळी अक्षरं तीच.

जन्माच्या उताऱ्यावरचं ते पहिलं अक्षर मी बराच वेळ मोठं करून पाहिलं. वर डावीकडे वळलेला गोल, मध्ये नागमोडी कणा, खाली उजवीकडे लांबवलेली शेपटी. त्या काळच्या वळणदार लिपीत मोठा ‘एल’ आणि मोठा ‘एस’ यांत हमखास गोंधळ होतो, हे जुनी डच दप्तरं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. 1841 चा कारकून शेजारच्या नगरपालिकेतला. त्याला तो मळा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यानं ‘एस’ वाचला आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत उतरवला. नोंद मोठ्यानं वाचून दाखवली गेली असणार. पण नोंदीच्या शेवटी ओळ आहे: नवऱ्यानं आपल्याला लिहिता येत नसल्याचं सांगितलं. तिथे सही असती, तर तिनं कारकुनाला अडवलं असतं. पुढे त्याच्या मुलांच्या जन्मनोंदी या लग्नाच्या नोंदीप्रमाणे झाल्या, आणि मागच्या गावात राहिलेले त्याचे भाऊ ‘एल’चेच राहिले.

म्हणजे कुणी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

शोध इथेच संपवता आला असता. पण थोरलीला ‘एल’चा मळा पाहायचा होता, आणि ते बरं झालं. 1832 च्या भूमापन नकाशांवर मळा त्याच नावानं आहे. 1811 च्या आधीची माहिती चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत मिळते. त्यांत 1814 च्या मुलाच्या बापाचं लग्न 1790 च्या दशकात लागलेलं दिसलं: ‘एल’ मळ्यावरच्या विधवेशी. आणि त्या बापाचा बाप्तिस्मा? तिसऱ्याच आडनावानं, दुसऱ्याच वाडीत.

यात गैर काही नव्हतं. आख्टरहुकमध्ये माणूस ज्या मळ्यावर राहायला जाई, त्या मळ्याचं नाव त्याला लागे. घरजावई झाला, विधवेशी लग्न करून तिचा मळा कसायला लागला, कुळ म्हणून दुसऱ्या मळ्यावर गेला, की नाव बदललं. मळ्याची वाटणी झाली तर ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ असे शब्द पुढे लागत. ‘क्लाइन हेसेलिंक’सारखी आजची आडनावं त्यातूनच आली. नेपोलियनच्या हुकुमानं ही चाल थांबवली. त्या वेळी जो जिथे राहत होता, त्याला तिथलं नाव कायमचं चिकटलं. या बापाचा सख्खा भाऊ जन्माच्या मळ्यावरच राहिला होता. त्याची नोंद त्या मळ्याच्या नावानं झाली. दोन सख्खे भाऊ, दोन आडनावं, आणि दोन्ही बरोबर.

मग आडनाव इतकं दुर्मिळ का? मुळात ‘एल’चं नाव एका मळ्याचं, पण त्याची माणसं आज पुष्कळ आहेत. ‘एस’ची शाखा एका माणसापासून, 1841 मध्ये सुरू झाली. पुढच्या पिढ्यांत काही मुलगे लहानपणी गेले, काहींनी लग्न केलं नाही, आणि मुलींबरोबर नाव पुढे गेलं नाही. एक मुलगा अमेरिकेत, विस्कॉन्सिनला गेला. 1840 च्या दशकापासून आख्टरहुकमधल्या विंटर्सवाइक आणि आल्टेन परिसरातून तिकडे मोठं स्थलांतर होत होतं. त्या शाखेनं तिकडे स्पेलिंग बदललं. दुर्मिळपणाचं सगळं कारण एवढंच आहे. त्यात कुठलंही रहस्य नाही, आणि मला ते कुठल्याही दंतकथेपेक्षा जास्त हृदयस्पर्शी वाटतं.

निर्णय

हे सगळं घेऊन कुटुंब एकत्र बसलं, तेव्हा आणखी एक पर्याय पुढे आला होता: चुकलेलं अक्षर दुरुस्त करून ‘एल’वर परत जायचं. त्यासाठी आडनाव बदलाचा अर्ज न्याय मंत्रालयाकडे करावा लागतो आणि मंजुरी राजाच्या हुकुमानं मिळते. खर्च मोठा, निकष कडक, आणि वर्षअखेरीपर्यंत काम होण्याची खात्री नाही. तरी नकाराचं कारण ते नव्हतं. थोरलीचा मुद्दा मला पटला: ‘एल’ तरी आपलं मूळ कुठे आहे? तेही विधवेच्या मळ्याचं. त्याच्या मागे जायचं तर बापाचं तिसरं नाव, आणि त्याच्या मागे आणखी कुणाचा तरी मळा. कुठेतरी थांबायचंच आहे, तर ज्या नावानं पाच-सहा पिढ्यांनी कामं केली, लग्नं केली आणि ज्या नावानं त्यांना पुरलं, तिथे थांबू.

डिसेंबर 2024 मध्ये थोरली आणि तिच्या नवऱ्यानं दोन्ही मुलांना दुसरं आडनाव जोडून घेतलं. क्रम वडिलांचं आधी, आईचं नंतर असा ठेवला. डच याद्यांत ‘फान देन’ सोडून पुढच्या शब्दावरून नाव लावतात, त्यामुळे शाळेच्या आणि दवाखान्याच्या याद्यांत मुलांची जागा होती तीच राहिली. जावयाची काळजी यानं पुष्कळशी मिटली.

आजोबांना पहिल्यांदा वाईट वाटलं. ज्या पूर्वजानं फ्रेंचांना बनवलं, तो त्यांचा आवडता माणूस होता. त्यांना वळवलं ते लष्करी दाखल्यानं. त्यावर 1841 च्या नवरदेवाचं वर्णन आहे: उंची त्या काळच्या मापांत, एल, पाम आणि दाउम यांत लिहिलेली, चेहरा, कपाळ, डोळे, नाक, केसांचा रंग, प्रत्येकासमोर एक-दोन शब्द. आजोबांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं, उंची सेंटिमीटरमध्ये काढून घेतली आणि दाखल्याची मोठी प्रत मागितली. गोष्ट ते आजही सांगतात. आता तिच्यात कारकून 1841 चा असतो.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीचे आठवडे आडनावावरून शोधण्यात गेले. ‘इंक’च्या मुलुखात पहिलं नाव, आईचं नाव, गाव आणि साल घेऊन शोधायला हवं, आणि आडनावाचं पहिलं अक्षर मोकळं सोडायला हवं. बहुतेक शोधयंत्रांत अनोळखी अक्षराच्या जागी चिन्ह टाकायची सोय असते. ती वापरली असती तर ‘एल’ची शाखा जोडपत्रांच्या आधीच समोर आली असती. जोडपत्रंही शेवटचा उपाय म्हणून न उघडता, साखळी तुटल्याबरोबर उघडायला हवीत.

दंतकथेची तारीख पहिल्याच दिवशी तपासता आली असती. ती तपासायला कुणी धजावलं नाही, कारण गोष्ट आजोबांची होती. वडीलधाऱ्यांचं मन राखणं मला कळतं. पण कागद त्यांच्यासमोर, त्यांना विचारतच उलगडले असते, तर शेवटी एकदम सगळं ऐकून त्यांना जो धक्का बसला तो बसला नसता.

आणि धाकटीचं म्हणणं. मूळ शोधल्याशिवायही निर्णय घेता आला असता, हे खरं आहे. तरी मला वाटतं शोधानं निर्णयाचा पाया बदलला. आधी प्रश्न होता, नाव खरं की खोटं. शेवटी तो प्रश्न राहिलाच नाही.

सद्यस्थिती

‘एल’ आडनावाच्या एका कुटुंबाशी थोरलीचा पत्रव्यवहार सुरू झाला आहे. ते विधवेच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाचे वंशज. त्यामुळे दोन्ही घरांची समान पूर्वज ती विधवा आहे, आणि आता दोघं मिळून तिच्या माहेरचा मळा शोधत आहेत.

धाकटीची अडचण मात्र सुटलेली नाही. बहिणीनं नाव जोडलं तेव्हा तिलाही वाटलं, आपणही जोडावं. पण तिचं पहिलं मूल नोव्हेंबर 2015 चं. 1 जानेवारी 2016 ची अट पहिल्या मुलाला लागू असल्यानं, आणि सगळ्या भावंडांचं आडनाव एकच असावं लागत असल्यानं, नंतर जन्मलेल्या मुलांनाही सवलत मिळाली नाही. मंत्रालयाकडे अर्ज करण्याचा मार्ग उरतो. तो करायचा की नाही, हे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं अजून ठरवलेलं नाही.